बाईमाणसाची जास्तीची दोन वर्षं

दिपमालाची पीएच.डी.ला नोंदणी झाली, त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या अकलेप्रमाणे मुदत ठरवून टाकली. पहूरला तिच्या वडिलांनी बी.एड.च्या दोन वर्षांवर एक वर्ष चढवलं आणि बसस्टँडवरच्या टपरीवर जाहीर केलं, की तीन वर्षांत पोरगी डॉक्टर. शिरपूरजवळच्या खेड्यात तिच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, विचारलं, "म्हंजे सुई टोचनारी डॉक्टर का?" नाही म्हटल्यावर त्यांचा त्या पदवीतला रस तिथेच आटला. आणि नवरा-बायकोने जळगावच्या दोन खोल्यांत बसून आपसात ठरवलं, आधी प्रबंध, मग मूल. किरण चटईच्या कंपनीत सुपरवायझर होता. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात तोही नाही. डॉक्टरेट झाली तर कायमच्या नोकरीचं दार उघडणार होतं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि तीन वर्षं बोलता बोलता जातात असं वाटण्याचंच ते वय होतं.

मुदतीचा विचार केला नाही तो एकाच माणसाने, आणि मुदत होती त्याच्याच हातात.

तिचे मार्गदर्शक डॉ. अभिमन देवरे धुळ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतकऱ्याच्या घरातून वर आलेला माणूस, जिभेवर साखर, कोणाला "नाही" म्हणून कधी दुखवायचं नाही. "करू ना बेटा," हे त्यांचं पालुपद. या "करू ना"ने किती जणांची उमेदीची वर्षं खाल्ली, त्याची गणती नाही. सरांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. वर्षाला एकच प्रबंध बाहेर काढायचा. "विहिरीवर पाण्याची बारी असते की नाही?" ते सांगायचे. "सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तर कोणाच्याच वाफ्याला पाणी पोचत नाही." ऐकणाऱ्याला ते पटायचंही. विद्यापीठाच्या नियमांत असली बारी कुठेच नव्हती. खरी गोष्ट एवढीच, की विद्यार्थी मोकळा झाला की सरांचा एक गडी कमी व्हायचा. उत्तरपत्रिका तपासायला, कॉलेजच्या नॅक तपासणीच्या फायली भरायला, सरांच्या नावाने लेख लिहायला, त्यांच्या मुलीच्या लग्नात पत्रिकांवर नावं टाकायला माणसं लागत होती.

कोणाची बारी लागली ते हिवाळ्यात कळायचं. ज्याची बारी, त्याने सरांच्या मळ्यात सगळ्यांना भरीत घालायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. बामणोदची हिरवी वांगी आणायची, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी. पुऱ्या, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. विभागातले लोक, संस्थेचे संचालक, सरांचे साडू, व्याही, सगळे यायचे. जेवणं झाली की सर उठून त्या विद्यार्थ्याला सर्वांदेखत "डॉक्टर" म्हणायचे. तिथून पुढे सर्व कागद आपोआप हलायला लागायचे. त्याआधी लाख डोकं आपटलं तरी हलायचे नाहीत.

दिपमालाचा विषय होता यावल तालुक्यातल्या केळीबागांत राबणाऱ्या बाया. आठवड्याचे तास संपले की ती बसने यावलला जायची, बांधावर बसून प्रश्नावली भरून घ्यायची. नाव, गाव, मजुरी, कितव्या वर्षी लग्न, मुलं किती, हयात किती, मयत किती. या शेवटच्या प्रश्नाशी बाया थांबायच्या. चमेलीबाई नावाची सातपुड्याकडची एक बाई तर पाण्याचा तांब्या घेऊन उठून गेली होती आणि बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाली होती, "ते नको लिहू." दिपमालाने लिहिलं नव्हतं. मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय तिने घेतलेला तेवढा एकच निर्णय असावा.

तिसरं वर्ष कोरोनात गेलं. चौथ्या वर्षी प्रबंध लिहून तयार झाला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रांवर ठेवला. पुढच्या खेपेला गेली तेव्हा त्याच्यावर आणखी वर्तमानपत्रं साचली होती.

"वाचतो ना बेटा. पण या वर्षी बारी त्या नंदुरबारच्या मुलाची. त्याची मुदत संपतेय. नियम सहा वर्षांचा. तुला काय घाई? बाईमाणसाला दोन वर्षं जास्तीची मिळतात."

ते खरंच होतं. नियमात तशी सवलत होती. कोणा भल्या माणसाने बायांची ओढाताण ओळखून ती ठेवली असणार. पण सवलत मिळाली बाईला आणि उपभोगली बाप्यांनी! चौथ्या वर्षी नंदुरबारचा मुलगा पुढे गेला. पाचव्या वर्षी आणखी एक जण, कारण त्याची बढती अडली होती. सहाव्या वर्षी पियुष. हा तिच्यामागून दोन वर्षांनी आलेला, चुणचुणीत, सरांच्या गाडीचं दार उघडायला सर्वांत पुढे. त्याला एका कॉलेजात जागा ठरली होती आणि पदवीवाचून अडलं होतं. त्याच्या प्रबंधाची संदर्भसूची दिपमालानेच नीट लावून दिली. भरीताच्या दिवशी पियुषने वाकून तिच्या पायाला हात लावला. "ताई, तुम्ही थांबल्या म्हणून माझं झालं." ती हसली. दर वेळी हसायची आणि दर वेळी म्हणायची, "हो सर." पुढे तिला सरांपेक्षाही या दोन शब्दांचा जास्त संताप यायचा.

इकडे मूल पुढच्या वर्षावर ढकललं जात होतं. आता बारी लागलीच तर उगाच पोटुशी राहून धुळ्याच्या खेपा कशा करणार? बारी लागली नाही, तर पुढच्या वर्षी लागेलच, मग आता कशाला? दोन्ही बाजूंनी उत्तर तेच यायचं. किरण आधी चेष्टेत विचारायचा, मग रागात विचारू लागला, मग त्याने विचारणंच सोडलं. विचारणं सोडलं तेव्हा तिला जास्त भीती वाटली.

झुंबरबाईंनी मात्र सोडलं नाही. त्यांना ही बारी न् मुदत काही सांगता येण्यासारखं नव्हतं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणातल्या लिंबाला झोके बांधलेले, पुरणपोळ्या नि आमरसाची गडबड, आणि त्यात कोणीतरी विचारलं, सुनेला काही दिवसबिवस आहेत का. झुंबरबाई तोंडाला पदर न लावता म्हणाल्या, "डॉक्टर व्हयी ती. माय नही व्हवाव. वांझ शे." दिपमाला हातातलं ताट तसंच धरून स्वयंपाकघरात गेली. किरणने आईला बाहेर नेऊन काहीतरी सुनावलं. पण शब्द सुटला तो सुटला. त्यानंतर ती सासरी पाहुणीसारखी जायची आणि पाहुणीसारखी निघायची.

सातव्या हिवाळ्यात तिची बारी लागली.

तिने जीव ओतून भरीत घातलं. पहूरहून आई-वडील आले, आदल्या दिवशी किरण स्वतः जाऊन वांगी घेऊन आला. झुंबरबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून निरोप आला. जेवणं झाल्यावर सर तृप्त ढेकर देऊन उठले, म्हणाले, "आमच्या सर्वांत गुणी, सर्वांत सोशीक विद्यार्थिनी, डॉक्टर दिपमाला!" टाळ्या पडल्या. वडिलांनी तिथल्या तिथे पहूरला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर तिच्या फोटोचा, अभिनंदनाचा फलक लागलासुद्धा.

आठवड्याने ती कागद घेऊन विद्यापीठात गेली. तिथे पीएच.डी. विभागात समाधान नावाचे कारकून होते, सरळ माणूस, सर्वांना खुर्ची देणारा. त्यांनी फाइल उघडली, मागची-पुढची पानं उलटली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, तुमची नोंदणी तर आषाढातच संपली."

"मला दोन वर्षं जास्तीची आहेत ना? महिलांची?"

"आहेत ना. पण त्याचा अर्ज कुठाय?"

अर्ज सहा वर्षं संपायच्या आत, मार्गदर्शकाच्या शिफारशीने करून विद्यापीठाच्या आवक नोंदीत चढवावा लागतो. संपल्यावर केला तर चालत नाही. समाधान भाऊंनी नियमाचं पान काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. तीन हिवाळे ज्या दोन वर्षांच्या जिवावर सर्वांनी तिला मागे सारलं, जी दोन वर्षं सरांनी नंदुरबारच्या मुलाला वाटली, पियुषला वाटली, ती तिला कधी मिळालेलीच नव्हती! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार. तिला वाटलं होतं, अर्ज सरांनी केला असेल. सरांना वाटलं होतं, बाईमाणसाला मिळतातच, अर्ज कसला त्यात? एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही नियमाचं ते पान उलटून बघावंसं वाटलं नव्हतं. तिलाही नाही. आयुष्यभर "मिळतंच" म्हणून ऐकलेल्या गोष्टी बायका मागायला जात नाहीत, कोणी देईल म्हणून वाट बघतात.

"मग आता?"

"आता नोंदणी रद्द. नव्याने प्रवेश परीक्षा, नव्याने नोंदणी, पुन्हा कमीत कमी तीन वर्षं." समाधान भाऊंना बोलताना कसंतरीच होत होतं. "एकच एक वाट असते मॅडम. मध्ये बाळंतपण झालं असेल तर त्या रजेचे आठ महिने मुदतीत धरत नाहीत. तेवढ्यात तुमचं कसंबसं बसतं. तुम्हाला... मुलं किती?"

त्या बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं होतं. दिपमालाने मान हलवली आणि फाइल उचलली. जिन्यात आल्यावर तिला हसू फुटलं, मग त्याचं रडं झालं, आणि खालून चढणाऱ्या दोन मुली कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या. मूल झालं असतं तर पदवी मिळाली असती. पदवीसाठीच तर मूल थांबवलं होतं!

सरांना तिने धुळ्यात गाठलं. तिला वाटलं होतं, सर हादरतील, निदान "चुकलं माझं" एवढं तरी म्हणतील. पण सरांचा चेहरा हळूहळू उजळला.

"अगं, मग सोपं आहे! आठ महिने बसतात म्हणतो ना तो समाधान? मग दाखवू बाळंतपण."

"सर, मला मूल नाही."

"ते माहीत आहे बेटा. म्हणून जगलेलं दाखवायचं नाही. उद्या कोणी विचारलं मूल कुठंय, तर? बाळ झालं आणि गेलं, असं दाखवायचं. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातलं. तेव्हा कोण कोणाकडे गेलं होतं? जिल्हे बंद, रस्ते बंद. सर्टिफिकेट देणारा डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. रजेचा अर्ज मार्गदर्शकाकडेच राहतो, तो मी मागच्या तारखेने सही करून देतो. कागदावरच तर आहे सगळं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याच्या तोंडावर थुंकता आलं असतं. पण सरांचे डोळे मायेने भरले होते. आपण हिच्यासाठी किती मोठी युक्ती काढली, याचं त्यांना खरोखर समाधान वाटत होतं.

"पुढच्या मेमध्ये मी रिटायर होतोय," ते म्हणाले. "मग तुला पियुषकडे नव्याने नोंदणी करावी लागेल. आता तोच गाइड झालाय. बघ, विचार कर."

तिने विचार केला. घरी आल्यावर किरणला सांगितलं. तो जेवत होता. घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे मेलेलं दाखवायचं?"

"हो."

"आपलं?"

किरणने घास ताटात ठेवला, हात धुतला. बराच वेळ तो गॅलरीत उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "तुझी सात वर्षं आहेत. मी नको म्हटलं तर जन्मभर माझ्या अंगावर येईल. तुला जे ठीक वाटेल ते कर." यात परवानगी किती आणि शाप किती, हे तिला ठरवता आलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की पुन्हा प्रवेश परीक्षा, पियुषच्या केबिनबाहेरचं बाकडं, आणि शेवटी चाळिशी. पहूरच्या बसस्टँडवर फलक लागलेला. तिने सर्टिफिकेट आणलं. ज्या बाईने चमेलीबाईचा रकाना कोरा सोडला होता, तिने स्वतःचा भरला.

कागद विनातक्रार पास झाले. समाधान भाऊंनी शिक्का मारताना मान वर केली नाही. आठ महिने वजा झाले, मुदत बसली, प्रबंध जमा झाला, तपासायला बाहेर गेला. त्यात आणखी एक वर्ष निघून गेलं आणि पुढच्या हिवाळ्यात धुळ्याच्या कॉलेजात तिची तोंडी परीक्षा ठरली. आठवं वर्ष! सर रिटायर झाले होते. पण मार्गदर्शक म्हणून त्यांची खुर्ची राखलेली होती.

तोंडी परीक्षा खुली असते, घरच्यांनाही बसता येतं. किरणने या वेळी आईला स्वतः आग्रह केला. झुंबरबाई शिरपूरहून एस.टी.ने आल्या, नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. पियुषने त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. दिपमालाने तासभर उत्तम मांडणी केली. केळीच्या घडांखाली वाकलेल्या त्या बायांबद्दल बोलताना तिचा आवाज एकदाही अडला नाही. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर, वक्तशीर गृहस्थ होते. दोन-चार प्रश्न विचारून ते म्हणाले, "काम चांगलं आहे. फक्त एक शंका. आकडेवारी तुमची जुनी दिसते. चार-पाच वर्षांपूर्वीच लिहून झालेलं असावं. मग सादर करायला एवढा उशीर का केलात?"

उत्तर सोपं होतं आणि ते देणारा तिथेच खुर्चीत बसला होता. दिपमालाने तोंड उघडलं. काय बोलणार होती, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. पण तिच्याआधी देवरे सर उठले.

"याचं उत्तर ती देणार नाही, साहेब. मी देतो." सरांनी चष्मा काढला. "कोरोनाच्या काळात या मुलीवर फार मोठा घाला पडला. तिचं बाळ जन्मताच गेलं. दवाखान्यात कोणी जवळ नाही, बाहेर कडक लॉकडाऊन. दुसरी एखादी असती तर कोलमडली असती. हिने डोळे पुसले आणि लेखणी उचलली. उशीर झाला, पण मी तिला कधी घाई केली नाही. मार्गदर्शक म्हणून मला तेवढं कळतं." शेवटच्या वाक्याला त्यांचा कंठ दाटला. खोटं नव्हे, खरोखर दाटला.

परीक्षक उभे राहिले. "क्षमा करा, मला कल्पना नव्हती," म्हणाले, आणि त्यांनी दिपमालाला हात जोडले. मग अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. पियुषने सर्वांत जोरात वाजवल्या. पुढच्या रांगेत झुंबरबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या आधी सरांकडे, मग मुलाकडे, मग सुनेकडे बघत होत्या, आणि त्यांचा पदर डोक्यावरून घसरला होता तो त्यांनी सावरला नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पदवीची शिफारस जाहीर झाली, शाल, पुष्पगुच्छ, फोटो. वडिलांचा पहूरहून फोन आला, ते रडत होते. सर झुंबरबाईंपाशी येऊन म्हणाले, "आक्का, तुमची सून आजपासून डॉक्टर!" झुंबरबाईंनी नुसते हात जोडले.

किरणने मित्राची गाडी आणली होती. आईला गावी सोडून मग जळगावला परतायचं ठरलं होतं. शाल न् पुष्पगुच्छ पुढच्या सीटवर, सासू-सून मागे. सोनगीर गेलं, नरडाणा गेलं. किरण एकटक समोर बघून गाडी चालवत होता. दिपमालाला वाटत होतं, आता म्हातारी विचारेल, मग सांगून टाकायचं, कागदावरचं होतं म्हणून, एकदाचं सांगून टाकायचं.

"कोरोनामा व्हतं का ते?" झुंबरबाईंनी शेवटी विचारलं.

"हो."

"म्हनीसन त्या साली तुमी आखाजीले भी उनात नही अन् दिवायीले भी नही."

आखाजीला रस्ते बंद होते. दिवाळीला सरांच्या नॅकच्या फायली होत्या. चार दिवस ती धुळ्यात बसून त्याच भरत होती. पण झुंबरबाईंच्या मनात आता सगळ्या गैरहजेऱ्यांचा अर्थ लागत चालला होता, आणि प्रत्येक अर्थ नेमका बसत होता.

"किरण तरी व्हता ना जोडे?"

"होता जवळ."

"अन् मी तुले बठ्ठास्ना समोर वांझ म्हनं." झुंबरबाईंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरला. लग्नानंतर पहिल्यांदा. "तू काबर बोलनी नही वं माय? येक डाव तरी सांगती, आसं शे म्हनीसन. मी तुले काय काय लागट बोलं. मन्हं चुकनं. माफ कर माले."

आत्ता सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. पण इतक्या वर्षांत कोणीच तिची माफी मागितली नव्हती. सरांनी नाही, पियुषने नाही, नियम करणाऱ्यांनी नाही. मागितली ती या म्हातारीने, जिचा दोष त्या सर्वांत कमी होता. आणि तो खरखरीत, उबदार हात सोडून देण्याची दिपमालाची छाती झाली नाही. आरशात किरणचे डोळे क्षणभर तिच्यावर आले आणि परत रस्त्यावर गेले.

गाडी तापीच्या पुलावर चढली. झुंबरबाई खिडकीबाहेर नदीकडे बघत होत्या.

"पोऱ्या व्हता का पोर?"

"मुलगी," दिपमाला म्हणाली.

झुंबरबाईंनी नदीकडे बघत हात जोडले. मग बोटांची पेरं मोजली. "आते साडेचार वरीसनी व्हती. बालवाडीमा जाती."

"येत्या मेमध्ये पाच पूर्ण झाली असती," दिपमाला म्हणाली, आणि आपण हे किती दिवसांपासून मोजत होतो, ते तिला तेव्हा कळलं. ती सासूच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. पूल संपताच किरणने गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो तसाच बसून राहिला.